लोकमत घडवणारा प्रचार: तो रचतात कसा, फसतो कुठे आणि ओळखायचा कसा

प्रश्न असा आहे: शिकलेले, रोज बातम्या वाचणारे लोकही प्रचाराला बळी पडतात ते कशामुळे? प्रचार म्हणजे धडधडीत खोटं असेल, तर ते पकडलं का जात नाही? आणि आपल्यापर्यंत आलेला मजकूर प्रचाराचा आहे हे ओळखायचं कसं?

सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण खरा गैरसमज तिथे आहे. मुरलेला प्रचारक खोटं शक्य तितकं कमी बोलतो. खोटं उघडं पडू शकतं, आणि एकदा ते उघडं पडलं की पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. त्याचं मुख्य काम वेगळंच असतं. लोकांनी कोणत्या विषयावर बोलायचं हे तो ठरवतो, ती गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकू येईल हे ठरवतो, आणि बाकी सगळ्यांना काय वाटतं याबद्दलचा आपला अंदाज बदलतो. या तिन्ही गोष्टी एकही खोटं वाक्य न वापरता साधता येतात. त्यामुळे ‘बातमी खरी की खोटी’ एवढंच तपासणारा माणूस प्रचारातून सुटत नाही.

मोहीम आखताना आधी कृती ठरते, संदेश नंतर येतो. लोकांनी नेमकं काय करायला हवं आहे? मत द्यायचं, मतदानाला बाहेरच पडायचं नाही, सैन्यात भरती व्हायचं, एखादा कायदा मुकाट्याने मान्य करायचा, की नुसतं गप्प बसायचं? कृती ठरली की लोकांचे गट पाडले जातात. पक्के समर्थक, पक्के विरोधक आणि कुंपणावर बसलेले अशी पहिली ढोबळ वाटणी. समर्थकांना चेतवायचं असतं, विरोधकांना थकवायचं असतं आणि कुंपणावरच्यांना एक तर आपल्याकडे ओढायचं, नाहीतर गोंधळात ठेवायचं असतं. म्हणजे एकाच मोहिमेतून तीन वेगळे मजकूर निघतात. विरोधकाला चिडवणारा मजकूर पाहून ‘याने कोण पटणार?’ असं वाटतं, पण तो पटवण्यासाठी लिहिलेलाच नसतो. समोरच्याचा तोल जावा आणि त्याचा तोल गेलेला फोटो समर्थकांना दाखवता यावा, एवढ्यासाठी तो असतो.

मन बदलणं हे प्रचाराचं सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत कमी केलं जाणारं काम आहे. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतल्या इरी काउंटीत त्याच त्या मतदारांच्या अनेक महिने पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. प्रचारामुळे एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेलेली माणसं फार थोडी निघाली. बहुतेकांची आधीचीच मतं पक्की झाली होती, किंवा झोपलेला कल जागा झाला होता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रेडिओ आणि वर्तमानपत्रांइतकाच, किंबहुना जास्त, प्रभाव आसपासच्या बोलक्या, माहीतगार समजल्या जाणाऱ्या माणसांचा होता. मोहिमा आजही आधी अशा माणसांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करतात. ओळखीच्या माणसाने पाठवलेला फॉरवर्ड जाहिरातीपेक्षा जास्त काम करतो.

आता विषयाची निवड. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल इथल्या, मत कोणाला द्यायचं हे न ठरवलेल्या १०० मतदारांना विचारलं की देशापुढचे मुख्य प्रश्न कोणते. त्यांनी दिलेला क्रम आणि त्याच काळात माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली होती तो क्रम जवळपास जुळला. कोणाच्या बाजूने विचार करायचा हे माध्यमं ठरवू शकत नसतील, पण कशाबद्दल विचार करायचा हे बऱ्यापैकी ठरवतात. प्रचारकाला एवढं पुरतं. ज्या मुद्द्यावर आपली बाजू भक्कम आहे तो मुद्दा रोज चर्चेत ठेवायचा. लंगड्या बाजूच्या मुद्द्याला उत्तर देत बसायचं नाही, दुसरा मोठा विषय सोडून तो झाकायचा. एखाद्या आरोपावर दोन दिवस शांतता असते आणि तिसऱ्या दिवशी भलत्याच विषयावर प्रचंड गदारोळ उठतो, तेव्हा त्या गदारोळापेक्षा आधीचा आरोप कुठे गेला हे पाहावं.

विषय ठरला की त्याला चौकट दिली जाते. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांचा १९८१ चा प्रयोग इथे मुळातून समजून घेण्यासारखा आहे. साथीत ६०० माणसं मरण्याची शक्यता आहे, उपायाचे दोन पर्याय आहेत. एका गटाला सांगितलं की पहिल्या पर्यायाने २०० लोक वाचतील. दुसऱ्यात सगळेच वाचण्याची एक तृतीयांश शक्यता आहे आणि कोणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी खात्रीचा पहिला पर्याय घेतला. दुसऱ्या गटाला तेच आकडे उलटे सांगितले: पहिल्या पर्यायाने ४०० लोक मरतील, दुसऱ्यात कोणीच न मरण्याची एक तृतीयांश शक्यता. या वेळी ७८ टक्के लोक जोखमीच्या पर्यायाकडे गेले. आकडा एकच, खोटं कुठेच नाही, आणि बहुमत उलटं झालं.

बातमीत हीच करामत क्रियापदावर होते. ‘पोलिसांनी गोळीबार केला, तिघे ठार’ आणि ‘गोळीबारात तिघांचा मृत्यू’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दुसऱ्यातून गोळी झाडणारा गायब झाला आहे. एकाच जमावाला आंदोलक, दंगेखोर, निदर्शक किंवा घुसखोर म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो. आपल्या बाजूच्या कृत्यांना कर्ता नसतो आणि समोरच्यांच्या कृत्यांना नाव, गाव, जात, धर्म सगळं असतं, अशी लकब एखाद्या माध्यमात सलग दिसली तर ती योगायोग मानू नये.

टक्केवारीचा खेळही याच जातीचा. ब्रिटनमध्ये १९९५ साली काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. दुप्पट म्हणजे किती? आधी ७,००० स्त्रियांमागे १, आता ७,००० मागे २. ‘दुप्पट’ या शब्दाने हजारो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. हा इशारा सद्हेतूने दिलेला होता, तो प्रचार नव्हता. पण हेतू चांगला असतानाही मूळ आकडा लपला की एवढं होतं, मग मुद्दाम लपवणाऱ्याच्या हाती तो काय करील याची कल्पना यावी. ‘इतके टक्के वाढ’ वाचलं की आधी विचारायचं: कितीवरून किती?

आकड्यांनी माणूस विचारात पडतो, चेहऱ्याने हलतो. म्हणून युद्धाच्या प्रचारात नेहमी एक चेहरा शोधला जातो. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर, १० ऑक्टोबर १९९० रोजी, अमेरिकी काँग्रेसमधल्या मानवाधिकार गटापुढे एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत रडत साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयात घुसून इन्क्युबेटरमधली बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली आणि हे आपण डोळ्यांनी पाहिलं, असं तिने सांगितलं. कुवेतमधल्या कुटुंबाला धोका नको म्हणून तिचं पूर्ण नाव सांगितलं गेलं नाही. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पुढच्या काळात ही गोष्ट अनेकदा सांगितली, युद्धाला परवानगी देण्याच्या चर्चेत सिनेटरांनी तिचा दाखला दिला, आणि १२ जानेवारी १९९१ ला सिनेटमध्ये ठराव ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर झाला. जानेवारी १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती, आणि साक्षीची व्यवस्था हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने केली होती. कंपनीला काम दिलं होतं कुवेत सरकारच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका ‘नागरिक’ संघटनेने. युद्धानंतरच्या तपासात मानवाधिकार संघटनांना बाळांच्या गोष्टीला आधार सापडला नाही.

यातले जोड नीट पाहा. तो मानवाधिकार गट संसदेची औपचारिक समिती नव्हता, त्यामुळे साक्ष शपथेवर नव्हती आणि खोटी साक्ष दिल्याचा खटला होऊ शकत नव्हता. टीव्हीवर मात्र ते दृश्य संसदेच्या सुनावणीसारखंच दिसलं. नाव लपवण्याचं कारण माणुसकीचं होतं, म्हणून ते विचारणं क्रूरपणाचं वाटलं. कंपनीने चित्रफीत स्वतः तयार करून वाहिन्यांना पुरवली, म्हणून वार्ताहरांना आयता मजकूर मिळाला. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुवेतमध्ये इराकी सैन्याने खरोखरच अत्याचार केले होते. खऱ्या अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर एक खोटी गोष्ट सहज खपून गेली. शंका घेणारा माणूस आक्रमकाची बाजू घेतोय असं वाटावं, अशीच ती रचना होती.

स्रोत धुऊन काढणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण एड्सच्या अफवेचं. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या वर्तमानपत्रात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणाऱ्याने स्वतःला प्रसिद्ध अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणवलं होतं, आणि दावा असा होता की एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत बनवला. पुडी सोडली होती सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीने. दोन वर्षं फारसं काही झालं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गझेता’ने त्याच पत्राचा हवाला देऊन लेख छापला, आता गोष्ट ‘भारतीय वृत्तपत्राने म्हटल्याप्रमाणे’ अशी झाली. मग पूर्व जर्मनीतले प्राध्यापक याकोब झेगाल यांच्या अहवालाने तिला विज्ञानाची झूल चढली. १९८७ च्या अखेरीपर्यंत ती ८० हून जास्त देशांत आणि ३० हून जास्त भाषांत पोहोचली होती, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरही, सोव्हिएत प्रकाशनाचा दावा म्हणून, ती सांगितली गेली. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर विभागाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी या कटातला सोव्हिएत हात मान्य केला. अफवा मात्र आजही जिवंत आहे.

या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर आधीचा टप्पा पुसला जातो. निनावी पत्र, मग ‘परदेशी वृत्तपत्र’, मग ‘शास्त्रज्ञ’, मग ‘जगभरात चर्चा’. आज याच पायऱ्या काही तासांत चढल्या जातात: अनोळखी खातं, स्क्रीनशॉट, चार-पाच फॉलोअर असलेली ‘बातमी’ वेबसाइट, मोठ्या खात्याचं ‘हे खरं आहे का?’, आणि शेवटी ‘सोशल मीडियावर खळबळ’ या शीर्षकाची बातमी. त्या ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाने पाठवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि मजकूर लाखोंपर्यंत पोहोचतो. कधीकधी तर ओळखीच्या वृत्तपत्राचीच नक्कल उभी केली जाते. २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘डॉपेलगँगर’ या रशियाधार्जिण्या मोहिमेत ‘बिल्ड’, ‘गार्डियन’ अशा दैनिकांच्या हुबेहूब वेबसाइट बनवल्या होत्या. फरक होता तो पत्त्यातल्या शेवटच्या काही अक्षरांत. म्हणून बातमीचा फोटो पुरेसा नाही. दैनिकाच्या मूळ साइटवर जाऊन ते शीर्षक स्वतः शोधायचं.

एकदा ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकली की ती जरा जास्त खरी वाटते. १९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोप्पिनो यांनी हे प्रयोगातून दाखवलं, आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. मेंदूला ओळखीचं वाक्य वाचायला सोपं जातं आणि तो सोपेपणा त्याला खरेपणासारखा वाटतो. आपल्याला उत्तर माहीत असेल तर हा परिणाम होणार नाही, असं वाटेल. २०१५ साली लिसा फेझिओ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. ‘स्कॉटिश पुरुष घालतात त्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात’ अशा प्रकारची वाक्यं त्यांनी वापरली, आणि बरोबर उत्तर माहीत असलेल्यांनाही पुनरावृत्तीनंतर चुकीचं वाक्य थोडं अधिक खरं वाटू लागलं. शिकलेली माणसं का फसतात याचं एक मोठं उत्तर इथे आहे. आणखी एक गोष्ट: मजकूर आठवतो, पण तो कुठून आला ते विसरायला होतं. आज ‘हे काय, कुठल्यातरी टुकार पेजवरचं’ म्हणून सोडून दिलेलं वाक्य तीन आठवड्यांनी ‘कुठेतरी वाचलं होतं’ होऊन परत येतं.

बाकी सगळ्यांना काय वाटतं, याकडे वळू. हे प्रचाराचं सर्वांत बळकट हत्यार आहे असं माझं मत आहे, आणि त्यावर लिहिलं मात्र कमी जातं. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगात माणसांना फक्त रेघांची लांबी ओळखायची होती. खोलीतले बाकीचे, जे प्रयोगकर्त्याला सामील होते, एकमताने चुकीचं उत्तर देत. निर्णायक फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के उत्तरं बहुमताबरोबर गेली आणि तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाकली. पण त्या सामील लोकांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी वाकण्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आलं. एलिझाबेथ नोएले-नॉयमन यांनी १९७४ मध्ये याची सामाजिक बाजू मांडली: आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी दुर्मिळ दिसतं आणि पुढचा माणूसही गप्प होतो. म्हणजे बहुमत मिळवायची गरज नाही, बहुमत असल्याचा भास निर्माण केला की खरं बहुमतही तोंड मिटतं.

असा भास तयार करायला माणसं लागतात. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर आठवड्याभरात, १३ एप्रिल १९१७ रोजी, अध्यक्ष वूड्रो विल्सन यांनी जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली सार्वजनिक माहिती समिती नेमली. तिचे सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते सिनेमागृहांत रीळ बदलायला लागणाऱ्या ४ मिनिटांत भाषण देत. भाषण करणारा परका अधिकारी नसे. तो त्याच भागातला वकील, शिक्षक, दुकानदार असे, आणि सगळ्या गावांत एकाच आठवड्यात एकच विषय असे. ऐकणाऱ्याला वाटे की गाव आपणहून पेटून उठलं आहे. हवा तयार करणं म्हणतात ते हेच.

आज तेच काम खात्यांचे जथे करतात. मे २०१६ मध्ये ह्यूस्टनमध्ये एका इस्लामी केंद्रासमोर दोन परस्परविरोधी निदर्शनं एकाच वेळी झाली. एक बोलावलं होतं ‘हार्ट ऑफ टेक्सस’ या फेसबुक पेजने, दुसरं ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ने. दोन्ही पेजं सेंट पीटर्सबर्गच्या एकाच रशियन संस्थेतून चालवली जात होती. अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत सांगण्यात आलं की यासाठी जाहिरातींवर झालेला खर्च सुमारे २०० डॉलर होता. रस्त्यावर आलेली माणसं खरी होती, त्यांचा रागही खरा होता.

संघटित जथा ओळखताना एका खुणेवर विसंबू नये. अनेक खात्यांवर शब्दशः तोच मजकूर, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. काही मिनिटांत उसळलेला आणि तितक्याच झटकन विझलेला हॅशटॅग. एकाच महिन्यात उघडलेली खाती. कालपर्यंत क्रिकेटवर बोलणारं आणि आज फक्त एकाच मुद्द्यावर दिवसाला शेकडो पोस्ट टाकणारं खातं. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर संशयाला जागा आहे. ट्रेंडची यादी एकूण संख्येपेक्षा अचानक वाढलेल्या वेगाकडे जास्त पाहते, म्हणून ठरलेल्या मिनिटाला काहीशे माणसांनी एकदम पोस्ट टाकल्या तरी विषय वर येतो. पण सगळा दोष बॉटवर, म्हणजे आपोआप पोस्ट टाकणाऱ्या यांत्रिक खात्यांवर, ढकलू नये. २००६ ते २०१७ या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० गोष्टींचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त होती, आणि हा फरक यंत्रांनी नव्हे तर माणसांनी घडवला होता. खोटं जास्त नवं, जास्त चकित करणारं असतं, म्हणून आपण ते हौसेने पाठवतो.

काही मोहिमांना तुम्ही काही मानावं असं वाटतच नाही. तुम्ही काहीच ठरवू नये एवढंच त्यांना हवं असतं. धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध दिसू लागल्यावर अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन दिलं. सिगारेट निर्धोक आहे असं सिद्ध करायच्या फंदात त्या पडल्या नाहीत. शास्त्रज्ञांत एकमत नाही, आणखी संशोधन हवं आणि त्यासाठी आम्हीच पैसे देतो, असा त्या निवेदनाचा सूर होता. पुढे १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात शंका हेच आपलं उत्पादन आहे असं स्पष्ट लिहिलेलं सापडलं. याची ओळख सोपी आहे: ‘दोन्ही बाजू ऐका’ म्हणणारा दोन्ही बाजूंना किती शास्त्रज्ञ आहेत हे सांगत नाही. एकाच घटनेची पाच परस्परविरोधी स्पष्टीकरणं एकाच गोटातून येणं हाही याच कुळातला प्रकार. पाचांपैकी एकही पटलं नाही तरी चालतं. ‘खरं काय ते कळणारच नाही’ असं म्हणून तुम्ही सोडून दिलं की काम झालं.

सर्वांत घातक टप्पा येतो तो एका गटाला माणूस म्हणून मोजणं बंद होतं तेव्हा. रवांडात जुलै १९९३ मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम रेडिओ केंद्र लोकप्रिय गाणी, विनोद, श्रोत्यांचे फोन अशा ढंगात चाले. त्याच मोकळ्या गप्पांत तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला ‘झुरळं’ म्हटलं जाई. एप्रिल १९९४ मध्ये कत्तली सुरू झाल्यावर केंद्रावरून माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली गेली. डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या केंद्राच्या दोन संस्थापकांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला दोषी ठरवलं. इथे क्रम लक्षात ठेवावा: आधी चेष्टेतलं नाव, मग ‘ते आपल्यावर चालून येणार आहेत’ ही भीती, मग ‘हे स्वसंरक्षण आहे’. हा क्रम कुठेही दिसला तर पुढच्या पायरीची वाट पाहू नये.

सत्ताधाऱ्यांच्या प्रचाराला एक जास्तीची सोय असते, ती म्हणजे दुसरा आवाज बंद करण्याची. नाझी जर्मनीत ऑगस्ट १९३३ मध्ये ७६ मार्कांचा स्वस्त ‘जनतेचा रेडिओ’ बाजारात आणला गेला, आणि १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू होताच परदेशी केंद्रं ऐकणं गुन्हा ठरवलं गेलं. पहिला निर्णय जितका महत्त्वाचा तितकाच दुसरा. प्रचार स्पर्धेत लवकर दमतो. एकटा असला की फार टिकतो.

प्रचार फसतो तो बहुधा हावरटपणामुळे. १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी जर्मन लोक सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात अशी बातमी पसरवली. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत तिला आधार नसल्याचं मान्य केलं. पण त्याची किंमत पुढच्या युद्धात मोजली गेली: छळछावण्यांच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेकांनी त्याही तशाच थापा समजून झटकल्या. याउलट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या सेफ्टन डेल्मर यांच्या गटाने जर्मन सैन्याचं रेडिओ केंद्र असल्याचं भासवणारं ‘सोल्डाटेनझेंडर काले’ १९४३ मध्ये सुरू केलं. त्यावर उत्तम संगीत आणि बहुतांश अचूक बातम्या असत, आणि त्यात मधूनच एखादी पुडी. एखादा स्रोत दहादा खरा निघाला म्हणून अकरावी गोष्ट न तपासता घेणं का धोक्याचं, ते यावरून कळतं.

तपासायचं कसं, आता हे. मजकूर वाचून राग किंवा भीती उसळली तर पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा: हा मजकूर माझ्याकडून आत्ता काय करून घेऊ पाहतोय? ‘लगेच पाठवा’, ‘डिलीट होण्याआधी बघा’ असं काही असेल तर मुद्दाम एक दिवस थांबा. नंतर ते पान वाचत बसू नका, पानाबाहेर पडा. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये ४५ जणांची तुलना केली होती: इतिहासाचे संशोधक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस. संशोधक आणि विद्यार्थी वेबसाइट वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि तिच्या देखण्या रूपाला, अधिकृत वाटणाऱ्या नावाला भुलले. तपासनिसांनी काही सेकंदांत नवे टॅब उघडले आणि इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात, तिला पैसा कोण देतं हे पाहिलं. कमी वेळात जास्त अचूक उत्तर त्यांचंच आलं.

फोटो असेल तर रिव्हर्स इमेज सर्च करून, म्हणजे तोच फोटो शोधयंत्रात टाकून, त्याची सर्वांत जुनी तारीख शोधा. जुना फोटो नव्या घटनेला चिकटवणं हा रोजचा प्रकार आहे. गर्दीचा फोटो असेल तर लांबून घेतलेला दुसरा फोटो मिळतो का पाहा. भाषणाची तीस सेकंदांची फीत असेल तर आधीची आणि नंतरची दोन मिनिटं ऐका. उद्धरण असेल तर मूळ दस्तऐवज उघडा. आणि तपासणीची शिस्त आपल्या बाजूच्या मजकुरालाही लावा, कारण आपण सर्वांत ढिले असतो ते तिथेच.

अति संशय हाही सापळाच आहे. १९३७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने नावं ठेवणं, मोघम गोड शब्द, ‘सगळे आपल्याकडे येताहेत’ अशा सात युक्त्यांची यादी शाळाशाळांत पोहोचवली. यादी आजही उपयोगी आहे, पण विद्यार्थी सगळ्यालाच प्रचार म्हणू लागतील ही टीका तेव्हाच झाली होती. लसीची माहिती आणि लसीबद्दलची अफवा या दोन्हीत भावना असते, पुनरावृत्ती असते, ओळखीचा चेहरा असतो. फरक एवढ्यावर ठरतो: सांगणारा स्वतःची ओळख आणि हितसंबंध उघड करतो का, पुरावा तपासू देतो का आणि चुकलं तर दुरुस्ती करतो का.

दुसऱ्याला सांगताना बहुतेकांची चूक एकच होते: खोटं वाक्य ठळक अक्षरांत पुन्हा लिहून त्याखाली ‘हे खोटं आहे’ लिहिणं. त्याने पुनरावृत्तीचं काम आपणच करतो. आधी खरं काय ते एका वाक्यात सांगा, मग खोटा दावा एकदाच आणि तो कसा फसवतो हे, आणि शेवटी पुन्हा खरं. खोट्या कारणाच्या जागी खरं कारण द्या; रिकामी जागा राहिली की जुनी गोष्ट तिथे परत येते. दुरुस्तीने लोक जास्तच हट्टी होतात ही भीती पूर्वी वाटत होती तितकी खरी नाही. बहुतेक लोक चूक दुरुस्त करतात. मात्र आवडत्या नेत्याबद्दलचं मत त्यामुळे क्वचितच बदलतं, तेवढी अपेक्षा ठेवू नये. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर काका-मामांना खोडून काढण्यापेक्षा आधी त्यांना वेगळा फोन करावा. चूक मागे घ्यायला त्यांना जागा मिळते, आणि बरेचदा दुरुस्ती तेच ग्रुपवर टाकतात. पण मजकूर एखाद्या समाजाविरुद्ध हिंसा भडकवणारा असेल तर थांबू नका, ग्रुपवर तिथेच हरकत घ्या. अ‍ॅश यांच्या प्रयोगातल्या त्या एका वेगळ्या आवाजाचं काम तेव्हा कोणीतरी करायला हवं असतं.

शेवटी सरावासाठी एक पद्धत. चर्चेतला एकच विषय घ्या आणि सात दिवस वेगवेगळ्या कलाची तीन माध्यमं वाचा. वहीत चार रकाने आखा: कोणती तथ्यं तिन्हींत आली, कोणती एकातच आली, कोणाच्या कृत्याला कर्ता दिला आणि कोणाच्या नाही, आणि कोणाला बोलायला मिळालं. पहिला रकाना बहुधा लहान राहतो आणि त्यावर वाद नसतो. दुसऱ्या रकान्यातलं प्रत्येक तथ्य मूळ कागदापर्यंत नेऊन तपासा. त्यातली बरीचशी खरी निघतील. खरी असूनही ती उरलेल्या दोघांनी का वगळली, याचं उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात शोधा.